दाऊदभाई, मॅट घट्ट ठोकली आहे

दाऊदभाई, वाद अर्धवट टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. मी मुद्द्याला हात घातला की तुला कुठेतरी पेट्रोल पंप दिसायचा, नाहीतर अझानची वेळ व्हायची, नाहीतर स्टोअरला ट्रक लागलेला असायचा. पण या वेळी तू कमालच केलीस. शनिवारी संध्याकाळी गाडीत भांडण काढलंस, रविवारभर माझ्याशी धड बोलला नाहीस, आणि सोमवारी चहा पिता पिता स्टोअरमधल्या खोक्यावर बसल्या बसल्या गेलास. मंगळवारी आपल्याला मालकासमोर, आपल्या अर्बाबसमोर जाऊन एक नाव सांगायचं होतं. ते काम माझ्या एकट्याच्या गळ्यात टाकलंस. मला तुझा भयंकर राग आला आहे आणि राग काढायला तू नाहीस, म्हणून हे लिहायला बसलोय.

आपला वाद काय होता हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. मस्कतपासून दोन तासांवर, सोहारच्या औद्योगिक वसाहतीतली आपली पाइपांची कंपनी, तिची क्रिकेट टीम, आणि त्या टीमसाठी बाहेरून फास्ट बॉलर आणावा की आणू नये, एवढाच. पण आपण त्यावर सोहार ते अल हैल आणि अल हैल ते सोहार असे किती वेळा भांडलो असू, त्याला गणती नाही. शुक्रवारी सकाळची मॅच झाली की जेवून आपण माझ्या गाडीने निघायचो. मी बायको-मुलीकडे अल हैलला, तू पुढे टॅक्सी करून अल अमेरातला तुझ्या गाववाल्यांकडे. शनिवारी संध्याकाळी परत. हायवे सरळसोट, बघायला काही नाही, आणि गाणी लावली की तू झोपायचास. मग भांडणाशिवाय दुसरं करणार काय.

थंडी सुरू व्हायच्या आधी अर्बाब टीमसाठी एक व्हिसा बाजूला ठेवायचा. कागदावर हेल्पर, प्रत्यक्षात खेळाडू. सकाळी यार्डात थोडं काम, दुपारी प्रॅक्टिस, शुक्रवारी मॅच. मालकाला रिसेप्शनमधल्या काचेच्या कपाटात कप ठेवायची हौस, आणि आपल्याला त्याच्या हौसेवर खेळायची. माणूस कुठला घ्यायचा ते आपण ठरवायचं, तू टीमचा मॅनेजर म्हणून आणि मी व्हिसाचे कागद करणारा ऑफिसातला कारकुंडा म्हणून. एकदा आपण दोघं दोन नावं घेऊन त्याच्यासमोरच हमरीतुमरीवर आलो. त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "खलास! दोघं मिळून एक नाव आणा. नाहीतर व्हिसा नाही." तेव्हापासून तोच नियम.

तुझं म्हणणं कधी बदललं नाही. "अरे पुणेकर, पहिल्या चार ओव्हरी ज्याच्या, मॅच त्याची. बॅट्समन काय, आपला वेल्डर पण दोन सिक्स मारतंय. पण नवा बॉल टाकणारा माणूस जन्माला यावा लागतो. तो आणायचा. यल्ला, विषय संपला."

आणि माझं म्हणणंही बदललं नाही. फास्ट बॉलरवर व्हिसा घालवणं म्हणजे उन्हात आइस्क्रीम विकत घेणं. या सिमेंटच्या पट्टीवर, या वाळूतल्या रनअपवर धावून कुणाचा खांदा टिकलाय, कुणाचा गुडघा? एक मोसम तो रुबाबात टाकतो, दुसऱ्या मोसमात त्याची कंबर धरते, तिसऱ्यात तो यार्डात पाइप उचलत असतो. बॅट्समन घ्यावा, निदान पाच-सात वर्षं कामाला येतो. "तू माणसं आणतोस की फळं?" असं तू एकदा मला विचारलंस. मी म्हटलं, "तेच तर मी तुला विचारतोय."

यातली गंमत अशी की हा वाद तू ज्या जोरात घालायचास तो जोर तुला शोभत नसे, कारण तू स्वतः तसाच आलेला. मी कंपनीत यायच्या कितीतरी आधी, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून, आत्ताच्या अर्बाबच्या वडिलांनी तुला उचललं होतं. तिथल्या कुठल्याशा स्पर्धेत कुणीतरी तुझी बॉलिंग पाहिली आणि फोन फिरले. पहिल्या वर्षी तू वसाहतीतल्या भल्याभल्यांना रडवलंस, हे मला तू नाही, जुन्या लोकांनी सांगितलं. दुसऱ्या वर्षी पिचवर अंथरायच्या मॅटची कड सैल होती, टाकताना पुढचा पाय त्यात अडकला, आणि तू उजव्या खांद्यावर पडलास. पुन्हा कधी तुझा हात डोक्याच्या वर नीट गेला नाही. गाडीत वरच्या हँडलला धरायला तू डावा हात आडवा घ्यायचास. कागदावर हेल्पर होतास, तो खरोखरचा हेल्पर झालास. पुढे स्टोअरचा इनचार्ज. पण व्हिसा तोच, मालक तोच, आणि यार्डाचं फाटकही तेच.

म्हणूनच शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी तू ग्राउंडवर असायचास. सिमेंटवर काथ्याची मॅट उलगडायची, चहूबाजूंनी ताणायची, आणि कडेच्या जमिनीत लांब खिळे ठोकायचे. हे काम तू कुणाला करू दिलं नाहीस. डाव्या हाताने हातोडा मारायचास, तोंडाने काहीतरी पुटपुटत. अंपायर घड्याळ दाखवायचे, समोरच्या टीमचे कॅप्टन वैतागायचे. मी तर तुझी टर उडवायचो की दाऊदभाई मॅट ठोकत नाही, मॅटला शिक्षा करतो. तू वर न बघता म्हणायचास, "अजून एक. ह्या कोपऱ्यात अजून एक."

आणि तुझी दुसरी एक तऱ्हा होती, तिने तर मला कायम वात आणला. विकेट पडली, आपली सगळी पोरं नाचतायत, आणि तू माझ्या बाजूला सीमारेषेवर उभा राहून मला विचारणार, "कसा आउट झाला रे?" दर वेळी. डोळे उघडे, तोंड पिचकडे, चष्मा नवा, आणि याला विकेट दिसत नाही! बॉलर आणा म्हणून माझं डोकं खाणारा माणूस बॉलरचा बॉल बघतच नाही, हे मी किती जणांना हसून सांगितलं. तू नुसता ओशाळं हसायचास. "बोल्ड झाला काय? बरा झाला."

पण मी विनोदावर सरकतोय. खरं भांडण क्रिकेटचं नव्हतंच, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

खरं भांडण एनओसीचं होतं. इथे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर पहिल्याने लिहून द्यावं लागतं की आमची हरकत नाही. त्याने नाही दिलं तर मुकाट राहायचं, किंवा नोकरी सोडून देशी जायचं आणि दोन वर्षं या देशात पाय ठेवायचा नाही. मधे नियम जरा सैल असल्यासारखे वाटत होते, मग पुन्हा आवळले. ती पत्रं टाइप करणारा मी. म्हणजे खरं तर न टाइप करणारा. अर्बाब वाईट माणूस नाही. तो कधीच नाही म्हणत नाही, तो इन्शाल्ला म्हणतो. बिजूला तो इन्शाल्लाच म्हणाला. केरळचा तो डावखुरा बॉलर, आपण दोघांनी मिळून आणलेला, दुसऱ्याच मॅचला ज्याची पाठ गेली. त्याला मस्कतला ड्रायव्हरची नोकरी मिळत होती. तो अजून आपल्या यार्डात फोर्कलिफ्टच्या पुढे शिट्टी वाजवत उभा असतो. मी ऑफिसच्या खिडकीतून त्याला बघतो आणि पडदा ओढून घेतो.

आणि तू. अल अमेरातमध्ये तुझ्या गाववाल्याचं बांधकामाच्या सामानाचं दुकान वाढत होतं. तुला तो दरवर्षी बोलवत होता. सगळा कारभार तू बघायचा, वर राहायला खोली, बायकोला इकडे आणता आलं असतं. दरवर्षी तू अर्ज दिलास, आणि दरवर्षी अर्बाबने तुझ्या खांद्यावर, त्याच खांद्यावर, हात ठेवून सांगितलं, "दाऊद, तू गेलास तर स्टोअर कोण बघणार? पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." तू बाहेर येऊन मला म्हणायचास, "आपल्याशिवाय ह्यांचं चालत नाय, बघ." ते तू अभिमानाने म्हणायचास की रडकुंडीला येऊन, मला आजतागायत कळलं नाही. सोडून गावी जायचं आणि दोन वर्षांनी पुन्हा यायचं, हे या वयात कुणाला जमणार? कोण बोलावणार होतं तुला?

म्हणून मी म्हणायचो, नका आणू बॉलर. नको आणखी एक माणूस या फाटकाच्या आत. आणि तू म्हणायचास, आणायचा. तुझ्या आयुष्याकडे बोट दाखवून मी वाद जिंकायला बघायचो आणि तूही तुझ्याच आयुष्याकडे बोट दाखवून तोच वाद जिंकायला बघायचास. "घर बांधलं ना मी? पोरीला, आयेशाला फार्मसी शिकवली ना? तिथं खाडीवर जाळी ओढत बसलो असतो तर झालं असतं?" मी एकदा बोलून गेलो, "आणि आयेशाला तू किती पाहिलंस?" त्यानंतर थेट बरका येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतास. मग म्हणालास, "केळी घ्यायची काय?" आपण केळी घेतली.

या वर्षी संदेश नावाचा बॉलर आला. माणगावकडचा. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाची त्याची कंपनी बंद पडली, आणि जाता जाता तिच्या मालकाने सगळ्यांना एनओसी देऊन टाकली. असा बॉलर आपल्याला कधी मिळाला नव्हता. कुणाकडे भीक मागायची नाही, तिकडून माणूस आणायचा नाही, कागद त्याच्या खिशात. पण त्याचा व्हिसा संपत आला होता. त्याआधी कुणी त्याला आपल्या नावावर घेतलं नाही तर त्याला परत जावं लागणार होतं. तू त्याला शुक्रवारच्या सरावाच्या मॅचला ट्रायलसाठी आणलंस. तिशी ओलांडलेला, काळासावळा, कमी बोलणारा. पहिल्याच ओव्हरला त्याने आपल्या कॅप्टनचा स्टंप उडवला. पोरं ओरडली. तू मला विचारलंस, "कसा आउट झाला रे?"

मी मात्र दुसरंच बघत होतो. तिसऱ्या ओव्हरनंतर तो परत चालत जाताना कुणाचं लक्ष नाही असं बघून उजव्या कोपराला दुसऱ्या हाताने दाबत होता.

शनिवारच्या परतीच्या प्रवासात मी तुला ते सांगितलं. तू म्हणालास, "मना माहीत आहे."

"माहीत आहे? आणि तरी घ्यायचा?"

"एक मोसम जाईल."

"आणि मग? मग त्याचा बिजू होईल. त्याचा तू होईल. आत्ता त्याच्या हातात एनओसी आहे, दाऊदभाई. आपल्याकडे आला की ती संपली. आपण सही केली की त्याच्यामागे फाटक बंद. परत जाऊ दे त्याला, गावी काहीतरी करेल."

"काय करेल?" तू एकदम चढ्या आवाजात विचारलंस. "तू सांग ना काय करेल. तू फाटकाच्या ह्या बाजूला बसून त्याला तिकडे धाडतंस. स्वतः का नाय जात?"

मीही त्याच फाटकाच्या आत आहे. माझ्या एनओसीचं पत्रही मलाच टाइप करावं लागेल आणि त्यावरही इन्शाल्लाच मिळेल. माझ्या इराची शाळा, घराचं भाडं, पुण्यात आता आमचं कोण आहे. चिडून मी तुला विचारू नये ते विचारलं. म्हटलं, "बरं, मला एवढंच सांग. तुला आणलं तेव्हा माझ्यासारखा कुणी ऑफिसात असता, आणि पुढचं सगळं त्याला दिसत असतं, खांदा, अल अमेरात, सगळं. तर त्याने हो म्हणायला हवं होतं की नाही?"

तू डाव्या हाताने उजवा खांदा चोळत होतास. मला वाटलं, आता उत्तर येतंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा येतंय.

"पंप आला," तू म्हणालास. "तेल भरून घे."

बस. त्यानंतर आपण बोललो ते पाण्याची बाटली आणि शुभरात्री. रविवारी तू कँटीनमध्ये मुद्दाम दुसऱ्या टेबलावर बसलास. सोमवारी सकाळी बिजू पळत ऑफिसात आला. नुसता स्टोअरकडे हात करत होता. मी पोचलो तेव्हा तू खोक्यावर, भिंतीला पाठ टेकून बसला होतास, तोंडावर जरा वैतागल्यासारखा भाव, कुणी हिशेब चुकवल्यावर असायचा तसा. कप पडलेला नव्हता. तो तू खाली नीट ठेवला होतास.

जुबेदावहिनींना फोन मी केला. तुला ठाऊक आहे, मला असली कामं जमत नाहीत. अर्बाबचं म्हणणं पडलं की इथेच सोहारला दफन करावं, तोच रिवाज, आणि माती लवकर द्यावी. मी ते वहिनींना सांगितलं. पलीकडून घरातला गलका ऐकू येत होता. मग त्या अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "नाय भाऊजी. तिथं ठेवू नका त्यांना. जन्मभर एक-एक महिन्यासाठी आले. आता इथंच राहू देत."

मग कागद. हॉस्पिटलचा, पोलिसांचा, वकिलातीचा, आणि या सगळ्यांच्या आधी कंपनीचा. मी माझ्या टेबलाशी बसून तुझं नाव टाइप केलं आणि त्याखाली टाइप केलं की सदर कर्मचाऱ्याला स्वदेशी नेण्यास कंपनीची कोणतीही हरकत नाही. प्रिंट घेऊन अर्बाबच्या केबिनमध्ये गेलो. त्याने उभ्या उभ्या सही केली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नाही सांगत. "अल्ला यरहमू," म्हणाला, "माझा भाऊ गेला." इन्शाल्ला म्हणाला नाही. एका सकाळीत पत्र तयार! मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि इतका रडलो की बिजूने मला पाणी आणून दिलं.

मस्कतच्या विमानतळाच्या कार्गोच्या फाटकापर्यंत मी आलो होतो. पुढे मला सोडलं नाही. तुझा अल अमेरातचा गाववाला बरोबर गेला. घरी आलो तेव्हा इरा जागी होती. तिचं मराठी तुला माहीत आहेच. बिचकत म्हणाली, "बाबा, म्हणजे दाऊद अंकल आता पर्मनंटली इंडियाला गेले?" मी हो म्हटलं. आपल्यातला प्रत्येक जण ज्या दिवसाच्या गप्पा मारतो तो दिवस तुला असा मिळाला.

सोहारला परतलो तर अर्बाबने बोलावलं. मंगळवार कधीच होऊन गेला होता. शुक्रवारी मोसमातली पहिली मॅच, आणि संदेशचा व्हिसा तर आता संपतच आलेला. "एक नाव," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता दोघं नाहीत. "तू सांग. दाऊदला काय हवं होतं?"

हा काही साधा प्रश्न नव्हता. तुला काय हवं होतं ते मला पाठ होतं, आणि ते मला कधी पटलं नव्हतं. तू मेलास म्हणून पटवून घ्यावं, इतका काही मी गुणी नाही. नाही म्हणावं तर तुझा शेवटचा शब्द मोडला. हो म्हणावं तर ज्याच्याविरुद्ध जन्मभर घसा कोरडा केला तेच माझ्या सहीने होणार. मी म्हटलं, "उद्या सांगतो." मग मनाचा हिय्या करून म्हटलं, "अर्बाब, बॉलर घेतला तर त्याची एनओसी आत्ताच सही करून द्याल? तारीख नंतर टाकू. त्याच्याजवळ राहील." मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इन्शाल्ला," म्हणाला.

मग मी ते केलं जे आपण दोघांनी इतक्या वर्षांत एकदाही केलं नव्हतं. आपण बॉलर घ्यावा की घेऊ नये यावर हायवे झिजवला, पण एकाही बॉलरला कधी विचारलं नाही. मी संदेशच्या खोलीवर गेलो. खाटेवर बॅग भरून ठेवलेली होती, अर्धी उघडी, दोन्हीकडे जाता येईल अशी. मी त्याला काही लपवलं नाही. तुझं सांगितलं, मॅट, खांदा, अल अमेरात, आणि कंपनीचं ते शेवटचं पत्र. बिजूचं सांगितलं. कोपर मी पाहिलं आहे हेही सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"सर," तो शेवटी म्हणाला, "एक विचारू? बॉलिंग बंद पडली तर घरी पाठवतात का?"

"नाही. तेच तर सांगतोय. ठेवून घेतात. सोडतच नाहीत."

"काम देतात?"

"हेल्परचं. यार्डात. उन्हात."

त्याच्या खांद्यांवरचं ओझं कुणी काढून घ्यावं तसा तो सैल झाला. "मग चांगलंच आहे की, सर," तो म्हणाला. "मी घाबरलेलो की हात गेला तर परत पाठवतील."

दाऊदभाई, पंपाच्या आधी तू हेच बोलणार होतास का? की याच्या बरोबर उलट? मी त्या खोलीत बसून दोन्ही उत्तरं तुझ्या आवाजात म्हणून बघितली. दोन्ही तुझीच वाटली. तुला दोन्ही खरी वाटत असतील, म्हणून तर तुला पंप दिसला असेल. मी ज्याला पिंजरा म्हणत होतो त्याचं दार लागावं म्हणून तो माणूस आतून हात जोडत होता, आणि पिंजऱ्याच्या आत बसून मी त्याला बाहेरच थांब म्हणत होतो. मी कागद काढले.

अर्बाबला नाव सांगितलं. तुझंही मत तेच होतं, म्हटलं. माझं वेगळं होतं हे मी त्याला सांगितलं नाही, तुला सांगतोय: अजूनही वेगळंच आहे. सही केली म्हणून तू जिंकलास असं समजू नकोस. फास्ट बॉलरवर व्हिसा घालवू नये. मी हे पुढच्या थंडीतही म्हणणार आहे, भिंतीशी म्हणावं लागलं तरी.

काल शुक्रवार होता. उजाडताच मी ग्राउंडवर गेलो, म्हणजे पाय तिकडे गेले. स्टोअरमधून तुझा हातोडा आणि खिळ्यांचा डबा बिजूने आधीच आणून ठेवला होता. मॅट उलगडली. मला ते येत नाही रे. दोन खिळे वाकवले, एक अंगठ्यावर मारून घेतला. अंपायरने घड्याळ दाखवलं. समोरचा कॅप्टन म्हणाला, "अंकल, हो गया, टाइट है." मी वर न बघता म्हटलं, "अजून एक." ज्या बाजूने संदेश टाकणार होता तिथे मी आणखी एक मारला. मग आणखी एक.

मग मी आपल्या नेहमीच्या जागी सीमारेषेवर उभा राहिलो. बाजूला जागा रिकामी ठेवली. संदेशने रनअप मोजला, वळला, धावत आला. वाळूतून सिमेंटवर, सिमेंटवरून मॅटवर. त्याचा पुढचा पाय पडला. कड हलली नाही. खिळा जिथल्या तिथे. पुन्हा आला, पुन्हा पाय पडला, पुन्हा कड तशीच. मी श्वास सोडत होतो, घेत होतो. तिसऱ्या की चौथ्या बॉलला एकदम आरडाओरडा झाला. पोरं धावत एकमेकांच्या अंगावर पडली. बिजू शिट्टी वाजवत माझ्याकडे आला, मला गदागदा हलवायला लागला.

मी अजून त्या खिळ्याकडेच बघत होतो.

"बिजू," मी विचारलं, "कसा आउट झाला रे?"